चार नंबरच्या दारावर कागद नाही

५ मे, रविवार

सगळ्यांच्या आधी कोण टपकलं असेल, तर आयव्हा कॉडिल! बाळ शुक्रवारी दुपारी झालं आणि शुक्रवारीच संध्याकाळी ही बया केळ्यांच्या पुडिंगचं भांडं घेऊन हजर. आयव्हा म्हणजे माझ्या जावयाची, कॉयची आत्या. पुडिंग बाळंतिणीसाठी म्हणे, पण आली होती बाळाचे कान बघायला. कॉडिलांचे कान असे बाहेर आलेले असतात ना, दार उघडं राहिल्यासारखे. काल मी डोंगरातून खाली उतरले तर हॉस्पिटलच्या दारातच माझा दंड धरून म्हणाली, कान आमचे आलेत हं ओलिटा! मी पाळण्यात वाकून बघितलं. यांचे कसले? माझ्या हायरमचे कान आहेत ते, वाळवलेल्या सफरचंदाच्या फोडीसारखे, डोक्याला चिकटून.

हायरम म्हणजे माझा नवरा. खाणीच्या धुळीनं छाती भरून गेला, त्याला अकरा वर्षं झाली. बाळाचं नाव तेच ठेवलंय. रेनिटानं, माझ्या लेकीनं, मला न विचारता ठेवलं. मी तिथेच रडले. आधीची तिची दोन पोटातच गेली. हा तिसरा राहिला, आठ पौंडांचा, आणि ओरडतो कसा, भोंग्यासारखा! म्हणजे आता मी मॅमॉ. आमच्याकडे आजीला मॅमॉच म्हणतात. सत्तर वर्षं दुसऱ्यांच्या मॅमॉ बघितल्या, आता मी स्वतः झाले.

ही वही कॉयनं दिली. वर फुलं काढलीत आणि आत तारखा छापल्यात. बाळाचं सगळं लिहून ठेवा म्हणाला. माझी शाळा सहावीपर्यंतची, पुढे धाकटी भावंडं सांभाळायला घरी राहिले. अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून गेल्यासारखं. असू दे. कोण तपासायला येणार आहे?

रेनिटाचं पोट फाडून बाळ काढलं, म्हणून तिला थोडे दिवस ठेवून घेणार आहेत. रक्तदाबही चढलाय. मला तिच्याच खोलीत आरामखुर्ची दिलीय, ती मागे ढकलली की खाट होते. उन्हाळा संपेपर्यंत मी आता यांच्याकडेच. डोंगरातल्या घराला कुलूप लावून आलेय, कोंबड्या शेजारणीला दिल्या.

६ मे, सोमवार

हॉस्पिटल छान आहे. लहान आहे. एक लांब बोळ आणि पंचवीस खाटा. बाळंतिणी, म्हातारे, मोडलेल्या कमरा, सगळे एकाच रांगेत, म्हणून ओळखी काढाव्या लागत नाहीत. ओपल रॅटलिफ नावाची नर्स आहे, तिच्या गळ्यात सगळं. औषधांचं कपाट तीच बघते, शाळेतल्या लसी तीच टोचते, रोगजंतू पसरू नयेत याची काळजीही तिनेच घ्यायची, आणि कोणी रजेवर गेलं की फोनही तीच उचलते. मला मिस ओलिटा म्हणते. आईनं चांगलं वळण लावलंय.

आमच्यात आजाऱ्याचं दार उघडं दिसलं तर तसंच पुढे जायची रीत नाही. आत जायचं, हात हातात घ्यायचा, उशी सारखी करायची, काही हवं का विचारायचं. नुसतं दारातून हात हलवून जाणाऱ्या माणसाला आमच्याकडे माणसात धरत नाहीत. रेनिटाची खोली सहा नंबरची. बाळ झोपलं की मी निघते. पाच नंबरला डेल्फिया, आयव्हाची बहीण, कमरेचं हाड मोडून पडलीय. तिची वेणी घालून दिली, तीन दिवस कोणी कंगवा लावला नव्हता. तीन नंबरला ब्रदर सायलस, आमच्या देवळातले. त्यांना घेवड्याचं सूप चमच्यानं भरवलं, मग आम्ही दोघांनी हात धरून प्रार्थना केली. दोन नंबरला मिस लव्ही, जुनी पोस्टमास्तरीण. पायांना भेगा पडल्यात बिचारीच्या, मलम चोळलं. सगळ्यांना बाळाचे कान सांगितले. आयव्हाच्या आधी सांगितलेले बरे.

मधल्या चार नंबरमध्ये नाही गेले. तिथे आज शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलातून आर्विल टॅकेटला आणून टाकलंय. फुप्फुसं गेलीत, तीन महिने तिकडे नळ्या लावून पडला होता. पडू दे. मोठ्या संपात नऊ महिने आमच्या पोरांनी कोबी उकडून खाल्ला, आणि हा मालकाच्या गाडीत बसून, मान खाली घालून खाणीत जायचा. त्याला चाळीस वर्षं होत आली असतील. हायरम मरेपर्यंत त्याच्याशी बोलला नाही, मीही बोलणार नाही.

९ मे, गुरुवार

बाळ माझ्याकडे बघून हसलं. ओपल म्हणते पोटात वारा धरला की तसं दिसतं. हिला पोरं किती? एक. मला पाच झाली.

रेनिटाचा रक्तदाब उतरला. टाके जरा लाल आहेत. मी रोज पट्टी उचलून बघते, आईचा हात लागला की भरतं लवकर. आज सगळीकडे सफरचंदाचा थरांचा केक वाटला, हातानंच भरवला, कारण डेल्फियाला उठून बसता येत नाही आणि ब्रदर सायलसचा हात थरथरतो. चार नंबरसमोरून जाताना आर्विल खोकत होता. दार सताड उघडं. मी भिंतीकडे बघत गेले. मागून म्हणतो कसा, काय गं हायरमची बायको, केक मालकांच्या माणसांना मिळत नाही वाटतं?

तोंड पहा मेल्याचं.

१२ मे, रविवार

आज आयांचा दिवस. कॉयनं मला आणि रेनिटाला सारखीच फुलं आणली.

पण एक गोष्ट. डेल्फियाला परवापासून ताप आहे, आणि आज तिच्या दारावर पिवळा कागद चिकटवलाय. मी सवयीनं आत जायला लागले तर ओपल धावत आली. आता आत जाताना पिवळा झगा आणि हातमोजे घालायचे म्हणे. का म्हणून विचारलं तर म्हणते, खबरदारी आहे मिस ओलिटा, घाबरायचं काही नाही. हे म्हणताना माझ्याकडे बघत नव्हती, दाराच्या कडीकडे बघत होती. मी पाच पोरं वाढवलीत, खोटं बोलणारं माणूस कडीकडे बघतं.

मी गुपचूप दारातून मान आत घालून बघितलं. डेल्फियाचा चेहरा मेणासारखा झालाय. वेणी तशीच होती, मीच घातलेली.

१५ मे, बुधवार

तीन नंबरवरही कागद लागला. ब्रदर सायलस.

रेनिटाला घरी सोडणार होते, आता नाही सोडत. टाक्यांतून पाणी येतंय आणि रात्रीपासून अंग तापलंय. पट्टीतलं पाणी बाटलीत घालून शहरात पाठवलं. तपासायचं यंत्र इथे नाही, उत्तर यायला तीन दिवस लागतात. तोवर हे अंदाजानं औषध देतात. मला कोणी सांगितलं नाही, मी बोळात उभं राहून ऐकलं. इथे सगळे आता बोळात कुजबुजतात आणि मी आले की हवामानाबद्दल बोलायला लागतात.

मी विचार करत होते, हे आलं कुठून? आठवडाभरापूर्वी इथे सगळं ठीक होतं. नवीन कोण आलं? आर्विल टॅकेट आला. तीन महिने शहरातल्या घाणीत लोळून आला. मी आयव्हाला सांगितलं. आयव्हाला सांगितलं म्हणजे डोंगराच्या दोन्ही बाजूंना सांगितलं.

१८ मे, शनिवार

दोन नंबर. मिस लव्ही.

आता आर्विलच्या खोलीत कोणी जात नाही. जेवणाचं ताट दारातल्या टेबलावर ठेवतात, तो चालत येऊन घेतो. झाडूवालीसुद्धा दारातूनच फडकं फिरवून निघते. देवळातले लोक उद्या गायला येणार आहेत, त्यांनाही आयव्हानं सांगून ठेवलंय. बरं झालं.

तरी झाडूवालीवर माझा डोळा आहे. एकच बादली घेऊन पाच खोल्या पुसते. पाणी बदलताना मी तरी बघितली नाही. आणि ती औषधं देणारी नवी पोरगी, नखं केवढी वाढवलीत! मी सगळं बघते. हायरमला आता पाळण्यात ठेवतच नाही, सगळा वेळ माझ्या अंगावर असतो. इथे कोणाचा भरवसा धरायचा?

२१ मे, मंगळवार

उत्तर आलं. डॉक्टरांनी कॉयला आणि मला बसवून सांगितलं. रेनिटाच्या टाक्यांत जो जंतू आहे तो औषधाला जुमानत नाही. एक दिलं, दुसरं दिलं, तिसरं दिलं. जुमानत नाही. डेल्फियाचा, ब्रदर सायलसचा, मिस लव्हीचाही तोच. एकाच घरचे असल्यासारखे. एक चौथं औषध आहे, ते मूत्रपिंडाला वाईट. कॉय टोपी गुडघ्यावर ठेवून त्या टोपीकडेच बघत बसला होता. बाळाला झालंय का, असं मी विचारलं. अजून नाही म्हणाले. एवढ्या लहान बाळाला झालं तर, एवढं म्हणून डॉक्टरांनी कागद मिटले.

आता रेनिटानं बाळाला घ्यायचं नाही. दारातून दाखवायचं. मी हातात धरून दाखवते आणि ती पलंगावरून बघते.

बोळातून येताना आर्विल दारातल्या खुर्चीत बसला होता. मला बघून म्हणाला, सगळे तापलेत आणि मी बरा होतोय, हे तुझ्या देवाला कसं चाललं गं? मी थुंकणार होते. हातात बाळ होतं म्हणून थुंकले नाही.

२३ मे, गुरुवार

राज्याच्या आरोग्य खात्याच्या दोन बायका आल्या. सरकारी गाडी, लांब दांड्यांचे कापसाचे बोळे, खोकेच्या खोके. नळाच्या तोट्या पुसल्या, पलंगाचे दांडे पुसले, रोग्यांना पालथं करून जिथून नमुने घ्यायचे तिथून घेतले. सगळ्यांचे. रोज येणाऱ्या माणसांनाही विचारलं, द्याल का. हा जंतू पोटात, आतड्यात राहतो म्हणे, आणि हातावरून हिंडतो. मी चक्क नाही म्हटलं. आमच्या आईनं डॉक्टरलासुद्धा गुडघ्याच्या वर दाखवलं नव्हतं. त्यातली उंच बाई हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, ज्यांनी नाही म्हटलं त्यांना आम्ही पुढच्या गुरुवारी परत विचारू, उत्तरं घेऊन येऊ तेव्हा.

मग एक प्रश्न सगळ्यांना विचारला. गेल्या वर्षात दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलात राहिलात का?

मी नाही म्हटलं.

का म्हटलं तसं कळत नाही. बाळ मांडीवर होतं.

जाताना ती ओपलला सांगत होती, जुन्या नमुन्यांवरून तरी चार नंबर स्वच्छ आहे. मी कोपऱ्यात होते, ऐकलं.

चार नंबर कसा स्वच्छ असेल?

२४ मे, शुक्रवार

ब्रदर सायलस पहाटे गेले.

रेनिटाला शहरात हलवलं. अॅम्ब्युलन्समध्ये चढवताना तिनं बाळाकडे हात पुढे केला आणि नर्सनं तो हळूच खाली दाबला. कॉय बरोबर गेला. जाताना बाळाचं सामान माझ्या खांद्याला अडकवून म्हणाला, आई, तुम्ही आहात म्हणून निदान बाळाची तरी काळजी नाही. ओपलसुद्धा म्हणाली, मिस ओलिटा, इथून त्याला जितक्या लवकर न्याल तितकं बरं, इथे तुमच्याइतकं सुरक्षित त्याला कोणी नाही. आणि मला मिठी मारली.

आम्ही दोघंच आता रेनिटाच्या घरी. बाळ चांगलं दूध प्यालं. चांगलं झोपलं.

चार नंबर कसा स्वच्छ?

२५ मे, शनिवार

आज बाळाला निजवून स्वयंपाकघरात बसले आणि लिहिलं.

पाच नंबर, डेल्फिया. वेणी.
तीन नंबर, ब्रदर सायलस. सूप, हात.
दोन नंबर, मिस लव्ही. पाय.
सहा नंबर, रेनिटा. टाके. पट्टी रोज उचलून बघायची, कोण?

चार नंबरमध्ये मी गेले नाही.

सगळं हॉस्पिटल गेलं नाही चार नंबरमध्ये, कारण मी सांगितलं म्हणून. पण त्याच्या आधीसुद्धा त्या एकाच खोलीत मी पाऊल टाकलं नव्हतं. कागद माझ्या वाटेनं लागले. पाच, तीन, दोन. ज्या क्रमानं मी निघायचे त्या क्रमानं.

वहीत मी लिहिलं नव्हतं. कोणाला सांगितलं नव्हतं, रेनिटालाही नाही, तिला तेव्हा सातवा होता. फेब्रुवारीत मुतखडा झाला आणि मी अकरा दिवस शहरातल्या हॉस्पिटलात होते. शेजारणीला म्हटलं बहिणीकडे जाते. घरी आल्यावर तिथल्या नर्सचा फोन आला. पोटात एक जंतू सापडलाय, तुम्हाला त्रास देणार नाही, पण पुढे कुठल्याही हॉस्पिटलात गेलात तर आधी सांगा. पोटात म्हणजे कुठे ते तिनं नीट सांगितलं आणि मी लाजून फोन ठेवला. मला त्रास देणार नाही म्हणाली ना? मग कशाला सांगत सुटायचं असलं काही? चारचौघांत? जावयासमोर?

मी तर रोगी म्हणून गेलेच नव्हते. मॅमॉ म्हणून गेले होते.

२६ मे, रविवार

हात गरम पाण्यानं धुतले. मग कपड्यांचं ब्लीच ओतून धुतले. पुन्हा. कातडं सोललं, आता सोललेलं तर आणखी वाईट नाही का — कुणाला विचारू.

बाटली चिमट्यानं उकळत्या पाण्यात टाकली. केकच्या भट्टीचे जाड हातमोजे घालून बाळाला उचललं. तो हसला. वारा नव्हता पोटात. हसला.

कॉयचा फोन. रेनिटा तशीच आहे. बाळ कसं आहे आई? मजेत आहे म्हटलं. सांगणार होते. सांगितलं असतं तर येऊन घेऊन गेले असते त्याला. कोण घेऊन गेलं असतं? आयव्हा. आयव्हाला काल खोकला होता. मी ऐकलाय. नखं वाढवलेली ती पोरगी. मी कोणाच्या हातात देऊ —

माझ्याच हातात होता तो. तीन आठवडे. रात्रंदिवस.

ओपलला फोन लावला. तिनं हॅलो म्हटलं. ठेवला. पुन्हा लावला. ठेवला.

२७ मे, सोमवार

आज थडग्यांचा दिवस, गेलेल्यांना फुलं वाहायचा. सगळं गाव फुलं आणि डबे घेऊन डोंगरावर. शेजारी कोणी नाही. दोन्ही बाजूंची दारं वाजवून आले.

सकाळी दूध प्याला नाही. बाटली तोंडातून बाहेर ढकलली.

दहा वाजता कपाळ गरम. हातमोज्यातून कळेना म्हणून ओठ लावले. ओठ. काय केलं मी हे.

अॅम्ब्युलन्ससाठी फोन केला. सगळं सांगितलं, ठेवला नाही या वेळी. फेब्रुवारी, अकरा दिवस, सगळं. अॅम्ब्युलन्स डोंगरापलीकडे अपघाताला गेलीय, पाऊण तास. फोनवरची पोरगी म्हणाली साबणानं हात धुवा, कपडे सैल करा, त्याला जवळ घ्या. जवळ घ्या म्हणते. तिला काय माहीत. ती माझ्या हातांकडे बघत नाहीये.

सैल केले कपडे. चिमट्यानं नाही. बोटांनी. मग धुतले. मग पाळण्यापासून लांब, दारापाशी बसले, हात काखेत घालून.

रडतोय. एवढा रडतोय. तोंड लाल. आतापर्यंत कधी रडू दिला नव्हता एवढा.

आरोग्य खात्याच्या त्या दोघींसाठी लिहितेय, फोनवरचं त्यांच्यापर्यंत पोचलं नाही तर. अॅम्ब्युलन्सवाल्यांनी वही घ्या बरोबर. डेल्फियाला मी. सायलसना मी. लव्हीला मी. आर्विल टॅकेटचा काही दोष नाही. त्याच्या खोलीत जा आता, कोणीतरी. माझा नमुना घ्या, जिथून हवा तिथून. मी नाही म्हणणार नाही.

उचलू का. नको. उचलू —

आवाज बारीक झालाय. दमला असेल. दमतात अशी रडून.

लिहून संपवते आणि उठते. त्या बाया गुरुवारी येतो म्हणाल्यात, तीस तारखेला, सकाळी दहाला. एवढं थांबू नका म्हणावं. आजच. बाळाला आधी बघा, मला नंतर. गुरुवार फार लांब आहे. गुरुवारपर्यंत तो — आवाज येत ना